सर्व्हफेल की एनएक्सडोमेन? डीएनएसचे एरर कोड वाचून बिघाड कसा शोधायचा

मे अखेर गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, होमस्टेचं बुकिंग रोडावतं आणि त्यांच्या वेबसाइटकडे पावसाळाभर कुणी फिरकत नाही. चतुर्थी आटोपून सीझनची तयारी सुरू झाली की फोन वाजायला लागतात: "साइट उघडत नाही." पेडण्यातलं गेस्टहाऊस असो की फोंड्यातल्या एखाद्या देवस्थानची जत्रेची माहिती देणारी साइट, तक्रारीचे शब्द तेच. कारणं मात्र निरनिराळी असतात आणि पुष्कळदा ती डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, उत्तरातल्या एका छोट्या आकड्यात आधीच आलेली असतात. राउटर बंद-चालू करणं, होस्टिंगवाल्यावर ओरडणं, नवं डोमेन घ्यायला निघणं हे सगळं तो आकडा वाचून झाल्यावर.

ज्यांच्या गळ्यात अशी एखादी साइट पडली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे: मालक, मालकाचा भाचा, शाळेतले संगणकाचे सर, छोट्या ऑफिसचं नेटवर्क बघणारे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

आकडा येतो कुठून

तुमचा फोन किंवा लॅपटॉप नावाचा शोध स्वतः घेत नाही, तो एका रिझॉल्व्हरला विचारतो. हा रिझॉल्व्हर बहुधा इंटरनेट कंपनीचा असतो, नाहीतर गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असा सार्वजनिक. तो आधी रूट सर्व्हरला, मग डॉट इन किंवा डॉट कॉम सांभाळणाऱ्या सर्व्हरला आणि शेवटी तुमच्या डोमेनच्या नेमसर्व्हरला (त्या डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारत जातो. प्रत्येक उत्तराच्या मथळ्यात ४ बिटांची एक जागा असते. तिथे ० ते १५ पैकी जो आकडा बसतो तोच रिस्पॉन्स कोड. नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) यातले पहिले सहा ठरले आणि ते आजही तसेच आहेत: ० नोएरर, १ फॉर्मएरर, २ सर्व्हफेल, ३ एनएक्सडोमेन, ४ नॉटइम्प, ५ रिफ्यूज्ड. पुढे आणखी कोड आले, ईडीएनएस नावाच्या विस्ताराने जागाही १२ बिटांची केली. पण साइट सांभाळणाऱ्याला या सहांच्या पलीकडे क्वचितच जावं लागतं.

या कोडांचे अर्थ पाठ करण्यापेक्षा दर वेळी एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे कोण बोलतंय? तुमच्या पडद्यावरचा कोड रिझॉल्व्हरने दिलेला असतो. नेमसर्व्हरने त्याला काय सांगितलं ते वेगळं असू शकतं. नेमसर्व्हर म्हणतो 'रिफ्यूज्ड', तुम्हाला दिसतं 'सर्व्हफेल'. कधी तर नेमसर्व्हर काहीच बोललेला नसतो. खालच्या बहुतेक तपासण्या म्हणजे मधल्यांना बाजूला सारून मूळ बोलणाऱ्यापर्यंत पोचण्याच्या युक्त्या आहेत.

हाताशी काय हवं

डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड. मॅकवर ती बहुधा असतेच, लिनक्सवर एक पॅकेज टाकावं लागतं. विंडोजवर एनएसलुकअप मिळतो. तो आकडा देत नाही, वाक्य देतो: 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' म्हणजे ३, 'सर्व्हर फेल्ड' म्हणजे २, 'क्वेरी रिफ्यूज्ड' म्हणजे ५. एनएसलुकअपची एक खोड लक्षात ठेवा. तो ऑफिसच्या डोमेनचं शेपूट नावाला परस्पर जोडून बघतो, म्हणून नावाच्या शेवटी एक टिंब द्यायचं.

फक्त फोन असेल तर ब्राउझरमध्ये डीएनएस डॉट गूगल हे पान उघडून डोमेन टाका. उत्तरात 'स्टेटस' पुढे थेट आकडा येतो आणि गडबड असेल तर बरेचदा 'कॉमेंट' मध्ये कारणही.

ब्राउझरच्या एरर पानावरच्या मोठ्या इंग्रजी लेबलावर विसंबू नका. ऑपरेटिंग सिस्टिमकडून ब्राउझरला पुष्कळदा 'नाव सापडलं नाही' एवढंच कळतं, मूळ आकडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पहिली तपासणी नेहमी ही:

डिग एक्झाम्पल.कॉम
डिग @८.८.८.८ एक्झाम्पल.कॉम
डिग @१.१.१.१ एक्झाम्पल.कॉम

एक्झाम्पल डॉट कॉमच्या जागी तुमचं नाव घाला. उत्तराच्या वरच्या भागात 'स्टेटस' लिहिलेली ओळ आहे, ती वाचा. तिन्ही ठिकाणी एकच कोड आला तर दोष डोमेनच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. फक्त पहिल्या कमांडला गडबड दिसली तर दोष तुमच्या घरात, ऑफिसात किंवा इंटरनेट कंपनीकडे.

'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं तर तो कोड नव्हे. कुणी बोललेलंच नाही. पावसात फायबर तुटली आहे का, फायरवॉल डीएनएसचं पोर्ट ५३ अडवते आहे का, ते आधी बघा. पुढचं काहीही त्याला लागू पडत नाही.

एनएक्सडोमेन: नावच नाही

ही ठाम साक्ष आहे. ज्या सर्व्हरकडे नोंदींची वही आहे त्यानेच सांगितलंय की असं नाव नाही. आता शोधायचं ते वही कुणाची. मूळ डोमेनचे नेमसर्व्हर विचारा:

डिग @८.८.८.८ एक्झाम्पल.कॉम एनएस

यालाही एनएक्सडोमेन आलं तर अख्खं डोमेनच वरच्या रजिस्ट्रीच्या (डॉट इन किंवा डॉट कॉमची यादी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) यादीत नाही. होस्टिंगशी याचा काही संबंध नाही, तिथे फोन करून वेळ घालवू नका. डोमेनचं व्हूइज, म्हणजे नोंदणीची माहिती, काढा. डॉट इनची रजिस्ट्री निक्सी या संस्थेकडे आहे, तिथे कुणालाही बघता येतं. मुदत संपलेली दिसेल, 'रिडेम्प्शन पिरियड' (मुदत संपल्यावर डोमेन सोडवून घेण्याचा काळ) दिसेल किंवा 'क्लायंट होल्ड' (रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, थांबवलेलं). या होल्डचं एक कारण भल्याभल्यांना चकवतं. डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये नोंदणीचा ईमेल १५ दिवसांत पडताळला नाही तर रजिस्ट्रारला डोमेन थांबवावं लागतं. पैसे भरलेले असतात, मुदत शिल्लक असते, तरी साइट गायब. आपल्याकडे हा ईमेल पुष्कळदा साइट करून दिलेल्या मुलाचा असतो, आणि तो मुलगा आता बेंगळुरूत नोकरीला. डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर असलंच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे.

रिडेम्प्शनमध्ये गेलेलं डोमेन परत मिळतं, पण नेहमीच्या रिन्यूअलपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. त्यामुळे रिन्यूअलची तारीख जून ते सप्टेंबरच्या दरम्यान येत असेल तर ती दोन-तीन वर्षांची एकदम भरून टाका. धंदा बंद असताना आलेले स्मरणपत्राचे ईमेल कुणी वाचत नाही.

मूळ डोमेन ठीक आणि फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा 'बुकिंग' असं पुढचं नाव सापडत नसेल, तर तुमच्या डीएनएस पॅनलमधली ती नोंद गेली आहे. किंवा नोंद आहे, पण ती सीनेम आहे आणि ज्या नावाकडे ती बोट दाखवते तेच उरलेलं नाही. वेबसाइट बनवून देणाऱ्या सेवेचं खातं बंद केलं की हे हमखास घडतं. ओळखायचं कसं? उत्तरात सीनेमची ओळ दिसते आणि तरीही स्टेटस एनएक्सडोमेन असतो. अशा साखळीत कोड शेवटच्या नावाचा असतो, तुम्ही विचारलेल्या नावाचा नव्हे. इथे विरोधाभास काही नाही, पण पहिल्यांदा बघणारा गोंधळतोच.

नोंद दुरुस्त केली, तरी साइट उघडत नाही? 'नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर साठवून ठेवतात. १९९८ च्या आरएफसी २३०८ प्रमाणे किती वेळ, ते तुमच्या झोनच्या (डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचाच्या) एसओए या मुख्य नोंदीवरून ठरतं: त्या नोंदीची स्वतःची टीटीएल (साठवून ठेवायची मुदत, सेकंदांत) आणि तिच्यातला शेवटचा आकडा, या दोन्हींतला लहान तो. एनएक्सडोमेनच्या उत्तरात खाली एसओएची ओळ येते. तीच कमांड थोड्या थोड्या वेळाने चालवून बघा, टीटीएलचा आकडा उतरत गेलेला दिसेल. तो शून्यावर जाईपर्यंत थांबणं एवढंच हातात असतं. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या साइटवर साठा पुसून टाकण्याचं पान आहे, त्यांच्यापुरता तो उपाय लगेच होतो. म्हणून नवं सबडोमेन करताना घाई नको: आधी नोंद घाला, मग तपासा. आधी तपासून 'नाही' पदरात पाडून घेतलं की स्वतःच्या हाताने वाट बघत बसायची.

ईमेलचं इथे वेगळं दुखणं. डोमेन एनएक्सडोमेन देत असेल तर बुकिंगच्या पत्त्यावर पाठवलेला मेल पाठवणाऱ्याकडे तत्काळ परत जातो. सर्व्हफेल असेल तर पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवतो आणि साधारण ४-५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे दिसायला सर्व्हफेल भीतिदायक, पण बुकिंगच्या दृष्टीने एनएक्सडोमेन जास्त महागात पडतो.

खोटा एनएक्सडोमेन आणि खोटा होकार

डॉट इनव्हॅलिड हा शेवट कायमचा राखीव आहे, त्यात कुठलंच डोमेन कधी नसणार. त्यामुळे 'काहीतरी.इनव्हॅलिड' असं विचारलं तर एनएक्सडोमेनच आला पाहिजे. एखाद्या हॉटेलच्या वायफायवर त्याला आयपी पत्ता मिळाला तर मधलं कुणीतरी उत्तर बदलतंय. बहुधा ते लॉगिनचं पान असतं, कधी जाहिरातींचं. याचा सर्वांत मोठा प्रयोग खुद्द डॉट कॉमच्या रजिस्ट्रीने केला होता. १५ सप्टेंबर २००३ ला व्हेरिसाइनने अस्तित्वात नसलेल्या प्रत्येक डॉट कॉम आणि डॉट नेट नावाला स्वतःच्या साइटफाइंडर पानाचा पत्ता द्यायला सुरुवात केली. स्पॅम अडवणाऱ्यांपासून सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि ४ ऑक्टोबरला ते बंद झालं. एरर कोड हीसुद्धा लोकांच्या उपयोगाची माहिती असते, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

उलटही घडतं. क्वाड९ चा ९.९.९.९ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर धोकादायक ठरवलेल्या डोमेनला मुद्दाम एनएक्सडोमेन देतो. फक्त एकाच रिझॉल्व्हरकडून 'नाव नाही' आलं तर साइट हॅक होऊन काळ्या यादीत गेली नाही ना, ते बघा.

देवनागरी डोमेनवाल्यांसाठी एक टीप. डॉट भारतमधलं नाव डीएनएसच्या आत 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात फिरतं. साधन जुनं असेल तर थेट देवनागरी टाकल्यावर फसवा एनएक्सडोमेन येऊ शकतो, म्हणून ते रूपांतरित नाव टाकून तपासा.

नोएरर, पण हाती काही नाही

स्टेटस नोएरर आणि उत्तरांची संख्या ०. याला नोडेटा म्हणतात, त्याला स्वतःचा कोड नाही. वाड्यावर त्या नावाचं घर आहे, पण त्या घरात फोन नाही, असं समजा. एनएक्सडोमेन म्हणजे त्या नावाचं घरच नाही. साइट चालते पण मेल येत नाही, तेव्हा एमएक्स (मेल कुठे पाठवायचा ते सांगणारी नोंद) विचारून बघा, बहुधा हेच दिसेल. उपाय सोपा: तेवढी नोंद घालायची.

याच्याच आसपासचा एक किचकट दोष. काही बिघडलेले नेमसर्व्हर आयपीव्ही४ चा पत्ता (ए नोंद) बरोबर देतात. मात्र आयपीव्ही६ साठीची क्वाड-ए नोंद विचारली की नोडेटाऐवजी एनएक्सडोमेन देऊन मोकळे होतात. ते ऐकून रिझॉल्व्हर अख्खं नावच नाही असं धरून चालू शकतो. मग साइट काही जणांना दिसते, काहींना नाही, आणि मोबाइल डेटावर जास्त रुसते, कारण जिओसारख्या जाळ्यांमध्ये आयपीव्ही६ सर्रास आहे. ए आणि क्वाड-ए दोन्ही विचारून स्टेटस ताडून पाहा. वेगळे आले तर नेमसर्व्हरवाल्याचा दोष सिद्ध झाला.

सर्व्हफेल: रिझॉल्व्हरने हात टेकले

वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. सर्व्हफेलचा अर्थ एवढाच की रिझॉल्व्हरला भरवशाचं उत्तर मिळवता आलं नाही. का नाही, ते हा कोड स्वतः सांगत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा जगभरचे रिझॉल्व्हर सर्व्हफेल देत होते. फेसबुकचे नेमसर्व्हर तेव्हा काही चुकीचं बोलत नव्हते, त्यांच्याकडे जाणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते.

कारण शोधायला तीन प्रश्न पुरतात.

पहिला, सह्यांची तपासणी वगळली तर उत्तर येतं का?

डिग @८.८.८.८ एक्झाम्पल.कॉम +सीडी

साध्या कमांडला सर्व्हफेल आणि +सीडी लावल्यावर व्यवस्थित पत्ता, तर डीएनएससेकची, म्हणजे उत्तर खरं असल्याची खात्री देणारी डिजिटल सही जुळत नाही. सराव करायचा असेल तर डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग हे नाव मुद्दाम बिघडवून ठेवलेलं आहे, त्यावर दोन्ही कमांड चालवून फरक बघा.

याचं नेहमीचं कारण म्हणजे स्थलांतर. होस्टिंग बदललं, नेमसर्व्हर बदलले, पण रजिस्ट्रीतली डीएस नोंद (सही कुठल्या किल्लीची ते सांगणारी) जुन्या किल्लीचीच राहिली. उपाय: रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये जाऊन डीएस नोंद काढा आणि तिची टीटीएल सरू द्या. डॉट कॉममध्ये ती १ दिवसाची आहे. खरा क्रम उलटा हवा: आधी डीएस काढायची, टीटीएलइतकं थांबायचं, मग नेमसर्व्हर बदलायचे, सगळं स्थिरावलं की नवी डीएस घालायची. शनिवार-रविवारी पाहुणे शोधाशोध करतात, म्हणून हे काम सोमवारी-मंगळवारी करा.

दुसरा प्रश्न, नेमसर्व्हर स्वतः काय म्हणतो? डिग +ट्रेस चालवलं की रूटपासून खालपर्यंतचा प्रवास दिसतो आणि तुमच्या डोमेनसाठी रजिस्ट्रीने कुठले नेमसर्व्हर सांगितले तेही. मग त्या प्रत्येकाला सरळ विचारा:

डिग @एनएस१.एक्झाम्पल.नेट एक्झाम्पल.कॉम +नोरेक

इथे नेमसर्व्हरच्या जागी तुमच्या ट्रेसमध्ये आलेलं नाव घालायचं. उत्तराच्या फ्लॅगमध्ये 'एए' असेल तर तो अधिकाराने बोलतोय. 'रिफ्यूज्ड' आला तर त्याच्याकडे तुमचा झोनच नाही: खातं बंद झालं, बिल थकलं, किंवा पॅनलमध्ये डोमेन घालायचंच राहून गेलं. टाइमआउट आला तर तो मेलेला किंवा अडवलेला. दोनपैकी एकच नेमसर्व्हर बिघडला असेल तर साइट कधी पटकन उघडते, कधी रेंगाळते, आणि लोक रेंजला दोष देत बसतात. सगळे तपासा, एकावर थांबू नका.

तिसरा प्रश्न, उत्तरात 'ईडीई' अशी ओळ आहे का? ऑक्टोबर २०२० च्या आरएफसी ८९१४ ने रिझॉल्व्हरला कारण सांगायची सोय दिली. ६ म्हणजे सही खोटी ठरली, ७ म्हणजे सहीची मुदत संपली, ९ म्हणजे किल्लीची नोंद सापडली नाही, २२ म्हणजे एकही नेमसर्व्हर गाठता आला नाही, १५ म्हणजे अडवलेलं. नवा डिग आणि मोठे सार्वजनिक रिझॉल्व्हर हे दाखवतात. ही ओळ दिसली तर आधीचे दोन प्रश्न पडताळणीपुरतेच उरतात.

आता आपल्या पावसाळ्याचा खास सर्व्हफेल. जाहिराती अडवायला पुष्कळ जण घरी रास्पबेरी पायवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालवतात आणि त्यात सह्यांची तपासणी चालू ठेवतात. जुन्या पायमध्ये घड्याळाला बॅटरी नाही. रात्री लाइट गेली, पहाटे आली, की त्याचं घड्याळ मागे पडलेलं असतं. डीएनएससेकच्या सहीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, त्यामुळे मागे पडलेल्या घड्याळाला आजच्या सह्या भविष्यातल्या वाटतात आणि तो सगळ्याच सह्या नाकारतो. वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि तेही सर्व्हफेलच होतं. घरातलं सगळं इंटरनेट बंद, कंपनीची लाइन मात्र ठणठणीत. ओळखायची खूण: घरच्या रिझॉल्व्हरकडून जवळपास प्रत्येक डोमेनला सर्व्हफेल, पण @८.८.८.८ ला विचारलं की सगळं ठीक. तारीख बघा, हाताने लावा, आणि पुढच्यासाठी टाइम सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने द्या किंवा घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवा. इन्व्हर्टरवर पाय आणि राउटर दोन्ही जोडले तर आणखी बरं.

सर्व्हफेल साठवायला कमाल मर्यादा ५ मिनिटं आहे. त्यामुळे दुरुस्तीनंतर अर्धा तास उलटूनही तोच कोड येत असेल तर दुरुस्ती चुकली आहे किंवा जुनी डीएस अजून कुणाच्या तरी साठ्यात आहे. सर्व्हफेलच्या साठ्याला दोष देऊ नका.

रिफ्यूज्ड आणि उरलेले

नेमसर्व्हरला थेट विचारल्यावर येणारा रिफ्यूज्ड वर आलाच. रिझॉल्व्हरकडूनच तो आला तर तुम्ही त्याचे ग्राहक नाही. एका कंपनीच्या लाइनवर असताना लॅपटॉपमध्ये दुसऱ्या कंपनीचे डीएनएस पत्ते हाताने घातलेले राहिले की हे दिसतं. घर बदलल्यावर, विशेषतः. सेटिंग 'ऑटोमॅटिक' करा, संपलं. ऑफिसचा रिझॉल्व्हर तुम्हीच चालवत असाल तर रिकर्शनची (दुसऱ्यांसाठी नावं शोधून देण्याची) परवानगी दिलेल्या पत्त्यांत नव्या वायफायच्या पत्त्यांचा पट्टा घातला आहे का पाहा. मात्र वैतागून तो जगाला खुला करू नका. खुल्या रिझॉल्व्हरचा वापर दुसऱ्यांवर हल्ला करायला होतो.

फॉर्मएरर म्हणजे प्रश्नाची मांडणीच समजली नाही. जुना सर्व्हर किंवा मधला राउटर ईडीएनएसला अडखळतो तेव्हा येतो. डिगला +नोईडीएनएस लावून उत्तर आलं तर निदान झालं: राउटरचं फर्मवेअर अपडेट करा, नाहीतर राउटर बदला. नॉटइम्प क्वचित भेटतो, साइट बंद पडण्यामागे तो जवळपास कधीच नसतो. ६ ते १० हे कोड १९९७ च्या डायनॅमिक अपडेटच्या आरएफसीतून आले, ते सर्व्हर चालवणाऱ्यांनी बघावेत.

साठा पुसणं आणि तक्रार लिहिणं

दुरुस्ती झाल्यावर स्वतःच्या यंत्रातला जुना साठा पुसा. विंडोजवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस, सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. राउटरचाही साठा असतो, तो बंद-चालू करायची वेळ आत्ता आली.

रजिस्ट्रार किंवा होस्टिंगवाल्याला लिहायचं असेल तर "साइट चालत नाही" असं लिहू नका, त्याला ठरावीक साच्यातलं उत्तर येतं. इतकं द्या: पूर्ण नाव, नोंदीचा प्रकार, कुठल्या रिझॉल्व्हरला विचारलं, स्टेटस काय आला, ईडीईची ओळ असेल तर ती, +सीडीने काय झालं, प्रत्येक नेमसर्व्हर थेट काय म्हणाला आणि भारतीय वेळेनुसार तपासणी कधी केली. स्क्रीनशॉटऐवजी डिगचं अख्खं उत्तर मजकूर म्हणून चिकटवा, म्हणजे समोरच्याला तीच कमांड उचलून चालवता येते. आणि हा ईमेल बंद पडलेल्या डोमेनच्या पत्त्यावरून पाठवू नका, त्यांचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचणार नाही.